मुदतवाढ

माझ्या थोरलीला आकडे वाचायला आयकर खात्यानं शिकवलं. मी सी.ए. आहे. बऱ्याच पार्ट्यांच्या, म्हणजे ज्यांचं करकाम मी बघते त्यांच्या नोंदणीत मोबाइल नंबर माझाच असतो, त्यामुळे ओटीपी माझ्या फोनवर येतो. मी संगणकासमोर, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. मी ओरडायचे, "बघ गं काय आलंय!" आणि ही बालवाडीतली पोर फोन धरून एकेक आकडा खणखणीत आवाजात म्हणायची, चार, शून्य, सात, सात, दोन, नऊ. शाळेत बाई अजून फुलं-पानं मोजत होत्या. धाकट्यानं त्यापुढची मजल गाठली. डिजिटल सहीचा डोंगल एका संध्याकाळी गायब झाला. टेबलाखाली नाही, पर्समध्ये नाही, ऑफिसात फोन करून झाला. शेवटी सापडला तो खेळण्यातल्या कुकरमध्ये, वर झाकण लावलेलं. "अजून एक शिट्टी राहिलीय," असं सांगून साहेबांनी तो परत द्यायला साफ नकार दिला.

हे किस्से सांगितले की माणसं हसतात आणि मागोमाग ठरलेलं वाक्य येतं, "स्वतःची प्रॅक्टिस आहे ते बरंय बाई, मुलं लहान असताना वेळ आपल्या हातात राहतो." हे मी माहेरी ऐकलंय, सासरी ऐकलंय, शाळेच्या फाटकापाशी ऐकलंय आणि माझ्या बरोबरीनं सी.ए. झालेल्या पुरुषांकडूनही ऐकलंय, ज्यांना खरं तर ठाऊक असायला हवं. वेळ माझ्या हातात आहे, हे कबूल. तारखा नाहीत.

सांगलीत माझं ऑफिस आहे. पार्ट्या म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे आणि बेदाण्याचे अडते, काही डॉक्टर, ठेकेदार, एक-दोन कारखानदार. दर महिन्याच्या ७ तारखेला पैसे देतानाच कापून ठेवलेला कर, म्हणजे टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीचं विक्रीचं रिटर्न, १५ ला पीएफ, २० ला जीएसटी भरायचं ३बी रिटर्न. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ ला आगाऊ कर. एरवीच्या वर्षी ३१ जुलैला साधी रिटर्न्स, ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिट, म्हणजे मोठ्या धंद्यांच्या हिशेबांची आम्ही करायची तपासणी, ३१ ऑक्टोबरला ऑडिटवाल्यांची रिटर्न्स. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर या तारखा मी लाल पेननं लिहून ठेवते. सासूबाई आता संकष्टीची चौकशी करावी तशा विचारतात, "उद्या तुझी वीस ना?"

यातली एकही तारीख अचानक उगवत नाही. सगळ्या वर्षभर आधी ठाऊक असतात. घरात लहान मुलं असणाऱ्या बाईला इतक्या ठरलेल्या तारखा म्हणजे खरं तर चैनच. दवाखान्यात काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला उद्याचीसुद्धा खात्री देता येत नाही. आमच्या धंद्याची गोम वेगळी आहे. ३० सप्टेंबरचं काम आमच्याकडे येतंच २० सप्टेंबरला.

अडत्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. एप्रिलमध्ये तो हळदीच्या सौद्यांत असतो, मे महिन्यात नात्यातली लग्नं, पुढे पाऊस, मग श्रावण, मग गणपती. विसर्जन झालं की एके दिवशी त्याचा माणूस ऑफिसात कापडी पिशवी ठेवून जातो. तिच्यात बँकेची स्टेटमेंटं, रबर लावलेले बिलांचे गठ्ठे, हमाली-तोलाईच्या चिठ्ठ्या, दोन वर्षांपूर्वीचा विम्याचा कागद, आणि दर वेळी न चुकता एखादी लग्नपत्रिका. वर फोन, "मॅडम, तुमच्यासाठी काय, दोन तासांचं काम." टॅक्स ऑडिटचा फॉर्म ३सीडी ४४ कलमांचा आहे. त्यातलं एकेक कलम तपासून, विचारून, पुन्हा विचारून भरायचं असतं. पण त्याला घाई असते आणि तिला कारण असतं. अहवाल वेळेत गेला नाही तर उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख रुपये, यातलं जे कमी असेल तेवढा दंड त्याच्या डोक्यावर बसू शकतो. तेव्हा पाच महिने निवांत असलेला माणूस दहा दिवस झोपत नाही आणि मलाही झोपू देत नाही.

इथे कुणी म्हणेल, माणसं ठेव. माणसं आहेत. आर्टिकलची, म्हणजे सी.ए. होता होता हाताखाली शिकणारी पोरं आहेत, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बघणारा एक जुना सहकारी आहे. ती बिलं लावतात, बँकेशी मेळ घालतात, जीएसटीचे आकडे जुळवतात. पण ऑडिटच्या अहवालावर सही सी.ए.ची लागते. अहवालागणिक यूडीआयएन नावाचा अठरा आकडी-अक्षरी क्रमांक माझ्या लॉगिनमधून काढावा लागतो आणि त्या क्षणापासून त्या कागदाची जबाबदारी माझी. पोळ्यांना बाई ठेवता येते, मुलांना आजीकडे ठेवता येतं. सहीला कुणी ठेवता येत नाही. त्यामुळे न वाचता सही ठोकणं किंवा जागणं, असे दोनच मार्ग उरतात. पहिला मार्ग धरणारे आहेत, नाही असं नाही. त्यांच्या घरी मुलं वेळेवर झोपत असतील.

मला या सगळ्यात जाणवतो तो उशिराचा प्रवास. सरकार फॉर्मचं सॉफ्टवेअर उशिरा देतं, पार्टी कागद उशिरा देते, पोर्टल शेवटच्या रात्री गोल गोल फिरत बसतं. प्रत्येक जण आपला उशीर खालच्याकडे ढकलतो. माझ्यापर्यंत आला की पुढे ढकलायला एकच जागा उरते, रात्री साडेआठ ते साडेदहा. मुलांच्या जेवणाची, गोष्टीची, झोपेची वेळ. ती सगळ्यांत सोपी जागा, कारण मुलं नोटीस पाठवत नाहीत आणि विलंब शुल्क लावत नाहीत.

म्हणूनच नोकरी करणाऱ्या आयांच्या अपराधीपणाबद्दल जे भरभरून लिहिलं जातं ते वाचून मला कंटाळा येतो. मला अपराधी वाटत नाही, राग येतो. पाच महिने कपाटात पडलेली ती पिशवी माझ्या लेकीच्या गोष्टीची वेळ खाते आणि वर मीच मन मोठं करून स्वतःला माफ करायचं, हा हिशेब मला मान्य नाही.

थोरली २०१७ ची. जीएसटीही त्याच वर्षाच्या १ जुलैचा. दोघांनी मिळून पहिली दोन वर्षं मला रात्रीची झोप लागू दिली नाही, फक्त थोरली लवकर सुधारली. त्याच वर्षी मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली तेव्हा मला बरं वाटलं होतं, बँकेतल्या बहिणीसाठी. तो कायदा नोकरीतल्या बाईसाठी होता, तोही दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत. स्वतःच मालक असलेल्या बाईला रजा देणार कोण आणि मागणार कुणाकडे? गावोगावच्या सी.ए.ची बहुतेक ऑफिसं चार-सहा माणसांची, त्यामुळे तिथं नोकरी करणारी बाईही तशी वाऱ्यावरच. आम्ही इतरांच्या पगारपत्रकात मातृत्व रजा बरोबर लावली आहे का, ते मात्र चोख तपासतो.

धाकटा २०२१ च्या सप्टेंबरमध्ये झाला, म्हणजे ऐन हंगामात. त्या वर्षी आयकराचं नवं पोर्टल जूनमध्ये सुरू झालं होतं आणि ते इतकं रखडलं की ऑडिटची तारीख आधी १५ जानेवारी आणि मग १५ फेब्रुवारीपर्यंत गेली. देशभर लोक पोर्टलला शिव्या देत होते. मी एकटीच बहुधा बाळंतिणीच्या खोलीत पडल्या पडल्या त्याला दुवा देत होते.

पुढच्या एप्रिलमध्ये बँकेच्या शाखेचं ऑडिट आलं. हे काम एप्रिलच्या पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत उरकायचं असतं, नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी नाव येईल की नाही कोण जाणे. शाखा जत तालुक्यातली. सांगलीहून दीड-दोन तासांचा रस्ता, ऊन असं की दहा वाजता गाडीचं हँडल धरवेना. बाळ सात महिन्यांचं, अजून अंगावर पिणारं. कर्जखाती काढली, ९० दिवसांवर थकलेली वेगळी केली, पीककर्जांची नूतनीकरणं बघायला घेतली, आणि बारा वाजता छाती दगडासारखी. त्या शाखेत आतून कडी लागणारी खोली एकच, रेकॉर्ड रूम. मी तिथं गेले. लोखंडी मांडण्या, सुतळीनं बांधलेल्या कर्जप्रकरणांच्या फाइली, गहाणखतांचा जुनाट वास, वर एक बारका पंखा. उलट्या पडलेल्या एका खोक्यावर बसून मी दूध काढलं. समोरच्या फाइलीवर कर्जदाराचं नाव आणि 'थकीत' असा लाल शिक्का. दुसऱ्या दिवशी गेले तर खोक्याच्या जागी खुर्ची होती, पुसलेली, आणि दाराला आतून एक जुना पडदाही लावलेला. शाखेतले शिपाईमामा एक अक्षर बोलले नाहीत. फक्त दुपारी चहा देताना म्हणाले, "मॅडम, फ्रिजमधी चहाच्या दुधामागं जागा केलीया." शाखाधिकाऱ्यांना आठवडाभरात पत्ता नव्हता की त्यांच्या फ्रिजमध्ये दोन प्रकारचं दूध आहे.

घरचं थोडक्यात सांगते. नवरा कॉलेजात शिकवतो, त्याच्या दिवसाला घंटा आहे. सकाळ त्याची: डबे, गणवेश, थोरलीच्या दोन वेण्या. वेण्या तो माझ्यापेक्षा बऱ्या घालतो. त्यासाठी त्याचं सोसायटीत जेवढं कौतुक होतं तेवढं माझं सी.ए.ची परीक्षा पास झाल्यावरही झालं नव्हतं. सासूबाई संध्याकाळी रामरक्षा म्हणवून घेतात आणि स्पष्ट सांगतात, "आठनंतर मला जमायचं नाही." हा स्पष्टपणा मला आवडतो.

खरा आधार आहे मुलांना सांभाळणाऱ्या मावशींचा. इथे मात्र माझी जीभ जरा अडखळते. उशीर मुलांवर येऊन थांबतो असं मी म्हटलं, पण तो तिथंही थांबत नाही. सप्टेंबरात मी नऊला घरी येते म्हणजे मावशी नऊला आमच्या घरून निघतात. त्यांची मुलगी दहावीला होती त्या वर्षी ती रोज रात्री स्वतः भाकरी थापून आईची वाट बघत बसायची. म्हणजे यार्डातल्या कुणीतरी कपाटात ठेवलेल्या पिशवीसाठी कुपवाडच्या दोन खोल्यांतली एक पोर उशिरा जेवायची. जादा तासांचे पैसे मी देते, नवरा त्यांना स्कूटरवर घरी सोडून येतो. पण पैसे दिले की वेळ परत जातो, असं काही मला कुठल्या वहीत दिसलेलं नाही.

आता २०२५ चं ऐका, कारण हा सगळा लेख मुळात त्या रागातून आलाय. मे महिन्याच्या २७ तारखेला जाहीर झालं की साध्या रिटर्न्सची मुदत ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबर. झालं, जून-जुलैत येणारे पगारदारसुद्धा गप्प बसले. गणपती बसले २७ ऑगस्टला, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, आणि ही सगळी मंडळी विसर्जनानंतर एकदम उगवली. १५ तारखेच्या रात्री उशिरा आणखी एक दिवस वाढवून मिळाला, तोवर बहुतेकांचं रक्त आटवून झालं होतं. मागे ऑडिटचा डोंगर उभाच. मी थोरलीला सांगून ठेवलं होतं, ३० सप्टेंबर झाला की आपण मोकळ्या, मग किल्ल्याची माती आणायची. यंदा तिला प्रतापगड करायचा होता. अळीव कधी पेरायचं, माची कुठं, अफझलखानाचा शामियाना कशाचा, सगळं वहीत काढून ठेवलेलं.

२५ सप्टेंबरला ऑडिटची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढली. सी.ए. मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पेढे, फटाके, हात जोडलेली चित्रं. माझ्या ऑफिसातला फोन मात्र त्या संध्याकाळी जो थांबला तो थांबलाच. "उद्या सकाळी कागद पोचवतो" म्हणालेल्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला, तर तो म्हणाला, "आता कशाला घाई करताय मॅडम? दिवाळी आहे ना मधे." दिवाळी मधे होती म्हणूनच मला घाई होती. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. कागद आले धनत्रयोदशीच्या आसपास. मग २९ ऑक्टोबरला आणखी एक मुदतवाढ, १० नोव्हेंबरपर्यंत. ज्या तारखेला सगळं संपणार होतं त्या तारखेनंतर आम्ही सव्वा महिना शेवटच्या रात्रीच जगत होतो. मुदतवाढ मागणाऱ्या संघटनांना मी दोष देत नाही. पोर्टल चालत नसेल आणि फॉर्म उशिरा येत असतील तर मागावीच लागते. पण ती तारखेच्या चार दिवस आधी मिळाली तर तिचा उपयोग फक्त कागद न देणाऱ्याला होतो. ज्यानं एप्रिलमध्येच सगळं आणून दिलं, त्या शहाण्या माणसाचं काम मात्र या गर्दीत मागे पडतं.

प्रतापगड झाला, नवऱ्यानं आणि शेजारच्या मुलांनी केला. शामियाना माझ्या जुन्या ओढणीचा. मी पाहिला तेव्हा अळीव बोटभर वाढलं होतं.

लक्ष्मीपूजनाला यार्डात वहीपूजनाचं बोलावणं असतं, ते मी मोडत नाही. एका पेढीवरचे दिवाणजी ऐंशीच्या घरातले. अजूनही पानाच्या डाव्या कोपऱ्यात 'श्री' काढल्याशिवाय किर्दीला हात लावत नाहीत, मग खालची नोंद पोरं टॅलीत करेनात का. ते म्हणाले, "आमच्या वेळी पाडवा ते पाडवा वही चालायची, ताई. दिवाळीला हिशेब बंद करून माणूस मोकळा. आता तुमचा दिवाळीला सुरू होतोय की." त्यांचं खरं आहे. पूर्वी व्यापारी आपलं हिशेबाचं वर्ष दिवाळीप्रमाणे ठेवू शकत. १९८९-९० च्या कर निर्धारण वर्षापासून सगळ्यांना एप्रिल ते मार्च हे एकच वर्ष सक्तीचं झालं. एका दिवशी सगळ्या देशाचं वर्ष संपलं की एका दिवशी सगळ्या देशाचं काम येणारच. प्रशासनाला ते सोयीचं आहे, मला पटतंही. पण ते ठरवताना हे काम करणाऱ्या माणसाला संध्याकाळी घरी जायचं असतं, हा मुद्दा कुणाच्या टिपणीत असेल असं वाटत नाही.

मग मी काय केलं? दोन गोष्टी. पहिली, मिरजेतली एक मैत्रीण, तीही सी.ए., तिचीही दोन मुलं, आम्ही भागीदारीत आलो. सहीला कुणी ठेवता येत नाही, पण सही करणारी दुसरी असू शकते. ज्या फाइली ती बघते त्यांवर सही तिची, ज्या मी बघते त्यांवर माझी, आणि आधीच ठरवून टाकलंय की गौरींची सुट्टी माझी आणि दिवाळीच्या चार दिवसांची तिची. पुढच्या वर्षी उलट. उत्पन्न पहिल्या वर्षी कमी झालं, आणि दोघींच्या घरी ते मोकळेपणानं बोलून दाखवण्यात आलं. दुसरी गोष्ट म्हणजे ऑडिटचे कागद ३१ जुलैच्या आत. नंतर आले तर फी वाढीव, ३१ ऑगस्टनंतर आले तर दुसरीकडे बघा. हे ऐकून एक मोठी, जुनी पार्टी गेली. सासऱ्यांच्या ओळखीची होती, त्यामुळे घरात दोन दिवस शांतता होती. त्या पार्टीचे मालक जाताना म्हणाले, "बायकांकडे काम द्यायचं म्हणजे हे असं." त्यांचं काम आता ज्या गृहस्थांकडे आहे ते मला मध्यंतरी एका चर्चासत्रात भेटले आणि त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडून कागद कसे काढून घेत होता हो?"

तासगावहून एसटीनं येणारी माझी एक आर्टिकल आहे, हुशार, शेवटच्या परीक्षेच्या तयारीत. तिनं परवा विचारलं, "मॅडम, प्रॅक्टिस करू का नोकरी? पुढं लग्न, मुलं..." मी तिला म्हटलं, लग्नाचं तुझं तू बघ, पण प्रॅक्टिस करायची तर एकटीनं करू नकोस आणि पहिल्या पार्टीपासून तारीख लावून घे. पहिल्या वर्षी आपल्याला गरज असते म्हणून आपण कधीही कागद घेतो, आणि त्यांना ती सवय लागली की मोडायला दहा वर्षं जातात. ती मान डोलावत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला, आणि ती अगदी माझ्या आवाजात म्हणाली, "नाही काका, बँकेचं स्टेटमेंट आजच लागेल."

या वर्षीचा निरोप आम्ही सगळ्यांना पाठवला आहे. शुद्ध मराठीत, ठळक अक्षरांत, 'ऑडिटचे सर्व कागद ३१ जुलैपूर्वी मिळावेत. त्यानंतर वाढीव फी लागेल आणि ३१ ऑगस्टनंतर आलेले काम स्वीकारले जाणार नाही.' बहुतेकांनी अंगठा दाखवला. हळदीच्या एका अडत्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "नक्की मॅडम, ३१ च्या आत. फक्त त्या तारखेला काही मुदतवाढ झाली तर कळवा."